रंभाबाईंची सुई

रंभाबाई वैरागडे या माझ्या सासूबाई. मी त्यांना आई म्हणते, पण मानेवाड्यापासून सावनेरपर्यंत त्यांना सगळे रंभाबाईच म्हणतात, म्हणून इथेही तेच नाव चालू द्या.

त्यांना सोयरिकी जुळवायची खोड आहे. लग्नाच्या वयाचा मुलगा बसमध्ये शेजारी येऊन बसला, की दोन स्टॉप जायच्या आत त्याचं गाव, शिक्षण आणि मामाचं आडनाव त्यांच्याकडे जमा होतं. त्यांची पद्धतही वेगळी. मुलगी पाहायला गेल्यावर त्या मुलीला काही विचारत नाहीत. चहा झाला की मुलाला म्हणतात, "उठ गा, त्या कपबशा आतमधी नेऊन ठेव." तो कप कसे उचलतो, कानात बोटं घालून चार एकदम नेतो की ट्रे शोधतो, का आईकडे बघत बसतो, यावर त्यांचं अर्धं मत तिथेच तयार होतं. उरलेलं अर्धं घरी येईपर्यंत बसमध्ये.

अशा बाईला शुगर निघाली. सुरुवातीला गोळ्या होत्या, त्या बडीशेपेच्या डबीत लपल्या. कुणासमोर डबी उघडली की लोकांना वाटायचं, जेवणाआधीच बडीशेप खाते, काय बाई आहे. मग गोळ्यांनी भागेना. डॉक्टरीणबाईंनी इन्सुलिनचं पेन दिलं आणि सांगितलं, प्रत्येक जेवणाच्या थोडं आधी पोटाला सुई टोचायची, आणि टोचल्यावर वेळेत जेवायचंच.

पहिली सुई घरी घेतली तेव्हा मी मोबाइलवर व्हिडिओ लावून समोर उभी होते. त्यांनी पोटाची चिमूट धरली आणि माझेच डोळे फिरले. "तूच बस वं खाली," त्या म्हणाल्या, "माझं मी टोचून घेते." आणि घेतली. वर म्हणाल्या, "यापेक्षा तं काटोलचे मच्छर बरे चावतात."

तर घरात भीती अजिबात नव्हती. घराबाहेर मात्र ही बाई सुईच्या बाबतीत चोर झाली. लग्नाच्या लॉनवर जनरेटरच्या मागे जाऊन सुई घ्यायची, कुणाच्या गाडीत काचेला रुमाल लावून घ्यायची. एकदा स्टेजच्या पडद्यामागे गेल्या आणि नेमका वाऱ्यानं पडदा उडाला. त्या लग्नाच्या अल्बममध्ये नवरा-नवरी एकमेकांना हार घालताहेत आणि कोपऱ्यात रंभाबाई पदर बाजूला करून अशा उभ्या आहेत, जणू आहेराची पाकिटं कमरेला खोचून राहिल्या.

"आई, एवढं काहून लपवता?" मी विचारलं.

"तुले नाई समजत, मिनल," त्या म्हणाल्या. "लोकाईच्या घरी जाऊन मीच विचारते, घरात कोणाले शुगर-बीपी तं नाई? अन् मीच सुई काढून बसली तं? सोयरीक जुळवणारी बाई ठणठणीत दिसली पाहिजे. हलवाई रोड असला तं त्याच्याकडचा पेढा कोणी घेते का?"

मी म्हटलं, हलवायाची गोष्ट निराळी आहे. त्यांनी ऐकलं नाही.

लोकांच्या घरी तर जनरेटरही नसतो. तिथे उरलं बाथरूम. कुणाच्याही घरी गेलं की पाणी पिऊन झाल्याबरोबर रंभाबाई विचारायच्या, "बाथरूम कोणीकडे आहे जी?" आत जायच्या, कडी लावायच्या, सुई घ्यायच्या, नळ सोडून हात धुवायच्या आणि प्रसन्न चेहऱ्यानं बाहेर यायच्या. पर्स घेऊन गेलं तर लोकांना शंका येते, म्हणून पेन रुमालात गुंडाळून कमरेला खोचलेलं असायचं.

डॉक्टरीणबाईंना हे कळलं तेव्हा त्या चांगल्याच चिडल्या. "तुम्ही संडासात बसून जेवता का? मग सुई तिथं काहून घेता? हे काही पाप आहे का?"

रंभाबाईंनी सगळं मान खाली घालून ऐकून घेतलं आणि शेवटी विचारलं, "डॉक्टरबाई, तुमच्या भावाचं झालं का लग्न?"

यातून एक भलतीच गोष्ट उगवली. गावोगाव बोलवा झाली की रंभाबाई घराण्याची परीक्षा बाथरूमवरून करतात. कामठीच्या एका बाईनं मला खाजगीत विचारलं, "टाइल्सचा रंग पाहतात का नळ गळते ते पाहतात?" आम्ही जाणार म्हटलं की लोक नवा साबण काढायचे, नवा टॉवेल टांगायचे. सावनेरला एका घरी तर बाथरूममध्ये उदबत्ती लावली होती आणि बादलीला हळदीकुंकू वाहायचं तेवढं बाकी होतं. रंभाबाईंना हे समजलं तेव्हा त्यांनी नकारही दिला नाही आणि होकारही. "निदान लोकाईचे बाथरूम तं साफ होऊन राहिले," एवढंच म्हणाल्या.

आता काटोलची गोष्ट. चंपतराव डाखोळे यांचा काटोलला संत्र्यांचा व्यापार. त्यांची मुलगी उन्नती नागपूरला नोकरी करत होती, दोन दिवसांसाठी घरी आली होती. तिला पाहायला येणारा मुलगा मोहित, कामठीचा, कंप्युटरवाला. तुळशीचं लग्न नुकतंच होऊन गेलेलं, म्हणजे सोयरिकीचा हंगाम. मोहित आणि त्याची आई गाडीनं परस्पर पोचणार होते. आम्ही सासू-सुना एसटीनं. बस रस्त्यात बंद पडली, दुसरी येईपर्यंत बराच वेळ गेला. पोचलो तेव्हा मुलाकडचे केव्हाचे येऊन बसले होते आणि स्वयंपाकघरातून तर्रीचा वास येत होता.

पोहे आणि वर झणझणीत तर्री, मागून रव्याचे लाडू, आणि चंपतराव म्हणत होते, लगेच वडाभातावर बसायचं. रंभाबाईंनी सगळं ऐकलं, मनातल्या मनात हिशेब केला आणि विचारलं, "बाथरूम कोणीकडे आहे जी?"

चंपतरावांचा चेहरा असा खुलला, जसा काही हाच प्रश्न ऐकायला त्यांनी हे घर बांधलं होतं. "या, या, इकडून या!" ते स्वतः पुढे झाले. रंभाबाई येणार म्हणून त्यांनी बाथरूमला नवा दरवाजा बसवला होता आणि नव्या दरवाज्याला नवी, जाडजूड, चकचकीत कडी. रंभाबाई आत गेल्या. कडी खाडकन लागल्याचा आवाज बैठकीपर्यंत आला.

आम्ही बसलो. मोहितची आई पडद्यांकडे पाहत होती. मोहित मोबाइलकडे. उन्नती पोह्यांच्या प्लेटा घेऊन आली आणि सगळ्यांना देऊन बसली. रंभाबाईंची प्लेट टेबलावर झाकून ठेवली. नळाचा आवाज आला, थांबला, पुन्हा आला.

"लय बारीक पाहून राहिल्या," चंपतराव माझ्या कानाशी कुजबुजले. त्यांच्या आवाजात भीती होती आणि अभिमानही.

आणखी वेळ गेला. पोह्यांवरचा सांभार, म्हणजे कोथिंबीर, सुकला. रंभाबाईंची पर्स माझ्या मांडीवर होती आणि पर्समध्ये त्यांची चॉकलेटं होती, ती शुगर उतरली तर खायची म्हणून. सकाळी त्या निघताना चहाबरोबर दोन टोस्ट खाऊन निघाल्या होत्या, त्यानंतर काहीच नाही. मी उठून बाथरूमपाशी गेले.

"आई?"

"काई नाई वं. हात धुवून राहिली."

"एवढा वेळ?"

नळ बंद झाला. मग दाराला तोंड लावून त्या हळूच म्हणाल्या, "कडी खुलून नाई राहिली. मघापासून झटून राहिली मी. तू बोंब नको मारू."

"सुई घेतली का?"

"हळू बोल."

"घेतली का, आई?"

"घेतली नं. पुरी घेतली. लाडू होते नं नंतर."

मी दार ढकललं. दार आपल्या नवेपणात घट्ट होतं. आतून त्यांचा श्वास ऐकू येत होता. "मिनल," त्या म्हणाल्या, "मले दरदरून घाम सुटून राहिला. अन् हात कापून राहिले, म्हणून तं कडी पकडता नाई येत."

मला आता कशाचीच लाज राहिली नव्हती. "मी सांगते सगळ्यांना. सांगू का?"

आत बादली आपटली. मला वाटलं त्या पडल्या. आणि मग आतून असा आवाज आला की बैठकीतले पाहुणेच काय, समोरच्या घरातले लोकही उठून उभे राहिले असतील.

"चंपतराव! अहो चंपतराव! मले शुगर आहे! मी सुई घेतली अन् तुमची कडी खुलून नाई राहिली! मले काईतरी गोड द्या, नाई तं मी इथंच खपते!"

पुढचा मिनिटभर त्या घरात जो गोंधळ झाला तो सांगता येत नाही. चंपतराव दाराशी येऊन कडीलाच शिव्या देऊ लागले. मोहितची आई देवाचं नाव घेत उभी राहिली. कुणीतरी लाडूंचं ताटच घेऊन दाराकडे धावलं, जसे काही लाडू दारातून आत जाणार होते. तेवढ्यात उन्नती म्हणाली, "बाबा, तुम्ही दार उचकटायला सब्बल आणा. लाडू ठेवा खाली. मागच्या खिडकीतून देऊ." आणि मोहितकडे वळून, "तुम्ही उंच आहात, चला माझ्याबरोबर."

मोहितनं मोबाइल सोफ्यावर टाकला आणि निघाला.

घराच्या मागे संत्र्यांचे रिकामे क्रेट रचून ठेवले होते. बाथरूमची खिडकी वर, काचेच्या पट्ट्यांची. मोहित क्रेटवर चढला, एकेक पट्टी सरकवून खाली माझ्या हातात देऊ लागला. उन्नतीनं स्वयंपाकघरातून आणलेल्या पाण्याच्या बाटलीत मूठभर साखर टाकून ती जोरजोरात हलवली. आता बाटली आत सोडायची कशी? तिनं गळ्यातली ओढणी काढली, बाटलीच्या मानेला गाठ मारली आणि वर दिली. ती ओढणी चांगली जरीची होती, पाहुण्यांसाठी खास घातलेली.

"मावशी, बाटली येऊन राहिली, पकडा!" मोहित ओरडला.

"डोक्यात नको टाकू!" आतून आवाज.

"बसून प्या," उन्नती खालून म्हणाली. "उभ्यानं नका पिऊ, चक्कर येईल."

आतून घटाघटा प्यायल्याचा आवाज आला आणि माझ्या जिवात जीव आला. मोहितनं मग उन्नतीनं आणून दिलेली संत्री सोलून फोडी आत द्यायला सुरुवात केली. उन्नती म्हणाली, "बिया काढा." तो म्हणाला, "एवढ्या गडबडीत बिया?" ती म्हणाली, "घशात अडकल्या म्हणजे दुसरी गडबड." त्यानं निमूट बिया काढल्या. पुढून चंपतरावांच्या सब्बलीचे ठोके ऐकू येत होते आणि प्रत्येक ठोक्याबरोबर त्यांचं, "कालच बसवला होता वं, कालच!"

जरा वेळानं आतून रंभाबाईंचा आवाज आला, आता नेहमीसारखा. "काहून गा मोहित, तुले स्वयंपाक येते का?"

मोहित क्रेटवर उभा, हातात संत्र्याची फोड. "चहा येते, मावशी. खिचडी येते."

"खिचडीले फोडणी आधी का नंतर?"

"आधी."

"अन् भांडे कोण घासते?"

त्यानं खाली उन्नतीकडे पाहिलं. "सध्या बाई घासते," तो म्हणाला. "पण येते मले."

उन्नती हसली. त्याच वेळी पुढे मोठा आवाज होऊन दरवाजा पडला.

आम्ही धावत आलो तर रंभाबाई उपड्या बादलीवर बसलेल्या, पदर घामानं भिजलेला, गळ्यात जरीची ओढणी आणि मांडीवर संत्र्याच्या फोडी. मी त्यांना धरून बैठकीत आणलं. पोह्यांची झाकलेली प्लेट समोर ठेवली. त्या खाऊ लागल्या आणि सगळे त्यांच्याकडे बघत बसले. खरं तर हे सगळे मुलगी बघायला जमले होते, हे कुणाच्या लक्षात राहिलं नव्हतं.

त्या थोड्या सावरल्यावर मोहितच्या आई बोलल्या. गोड आवाजात बोलल्या, पण बोलणं सुईपेक्षा अणकुचीदार होतं. "रंभाबाई, राग नका मानू. पण जी बाई आपली शुगर लपवते, ती सोयरिकीत काय काय लपवत असन, असं मनात येते माणसाच्या."

ज्या वाक्याला भिऊन ही बाई जनरेटरच्या मागे उभी राहत होती, ते वाक्य आलं होतं. मला वाटलं आता त्या उठतील. मी पर्स हातात घेतली.

रंभाबाईंनी हातातला घास खाल्ला, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "बरोबर आहे तुमचं. माझं चुकलंच. आता मी काईच लपवत नाई. ऐका." आणि त्या सुरू झाल्या. "मोहित पहिल्या वर्षाले नापास झाला होता, ते तुम्ही मले सांगितलं अन् म्हणाल्या तिकडे नका सांगू. झोपेत घोरते, हे त्याच्या मावशीनं सांगितलं. उन्नतीनं आधीची नोकरी साहेबाच्या तोंडावर फाइल फेकून सोडली, चंपतराव मात्र म्हणाले तब्येतीमुळे सोडली. चंपतरावले बीपी आहे, गोळी विसरतात. उन्नतीले पोळ्या गोल नाई येत. अन् तुमच्या घरी, ताई, कूलरवरून रोज भांडण होते, हे मले तुमच्या शेजारणीनं सांगितलं."

चंपतराव छताकडे पाहू लागले. मोहितच्या आईचा चेहरा लाल झाला.

उन्नतीनं मोहितला विचारलं, "किती जोरात घोरता?"

"मले कसं माहीत असन?" तो म्हणाला. मग म्हणाला, "तुम्ही खरंच फाइल फेकली?"

"तोंडावर नाही. टेबलावर. ती उडून लागली."

मोहित असा हसला की त्याला ठसका लागला. त्याच्या आईला हसायचं नव्हतं, त्यांनी ओठ दाबून धरले, पण खांदे हलायला लागले. शेवटी त्या म्हणाल्या, "कूलर तं यंदा दुसरा घेतला, बाई. आता भांडण नाई होत." आणि चंपतरावांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक दिली, "माझी गोळी आणा गा कोणी, खरंच राहिली सकाळची."

मग सगळे वडाभातावर बसले. रंभाबाई बसल्या, पण त्यांनी आधी मला मशीन काढायला सांगितलं, बोटाला टोचून सगळ्यांसमोर शुगर पाहिली. "पहा," त्या म्हणाल्या आणि आकडा सगळ्यांना फिरवून दाखवला, जसा नातवाचा फोटो दाखवावा.

साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, मात्र लगेच झालं नाही. उन्नतीनं स्पष्ट सांगितलं, की पोहे आणि पाहुणे नसताना तिला मोहितशी बोलायचं आहे. दोघं नागपूरला बरेचदा भेटले. उन्हाळा लागायच्या आत लग्न झालं. मोहितच्या आईनं आणखी दोन घरच्या मुली रंभाबाईंकडे पाठवल्या, या अटीवर की सगळं आधीच सांगून टाकायचं. त्यामुळे एक सोयरीक मोडली, हेही खरं. रंभाबाईंना त्याचं वाईट वाटलं, पण दोन दिवसच.

सुईचं काय झालं, ते सांगते. काटोलहून परत येताना बसमध्ये त्यांनी डोळे मिटले होते. मला वाटलं थकल्या. घर जवळ आल्यावर म्हणाल्या, "मिनल, साडी हे कापड सुईसाठीच बनवलं आहे वं. पदराखाली कोणाले दिसते? मी उगाच जनरेटरचा धूर खाल्ला इतके दिवस." त्यानंतर त्यांनी बाथरूम सोडलं. पंगतीत बसल्या बसल्या सुई घेतात. बोलणं थांबवत नाहीत. वाक्याच्या मध्येच टोचतात आणि वाक्य पुरं करतात. वापरलेल्या सुया टाकायला पर्समध्ये घट्ट झाकणाची एक डबी असते. लहान मुलं विचारतात, दुखते का? त्या म्हणतात, "तू शाळेत जाते तेव्हा दुखते का? तेवढंच."

सगळ्यांना हे आवडतं असं नाही. परवा आम्ही सीताबर्डीवर खरेदी करून एका हॉटेलात जेवायला बसलो. डोसे सांगितले आणि रंभाबाईंनी पेन काढलं. शेजारच्या टेबलावर साठीचे एक गृहस्थ सफारी घालून एकटेच बसले होते. त्यांनी चमचा ठेवला.

"मॅडम, लोक जेवून राहिले इथे. हे तुम्ही आत जाऊन नाही करू शकत का?"

मी बोलणार होते, पण रंभाबाईंनी हात वर केला. "भाऊ, मी बी जेवूनच राहिली. तुमचं जेवण डोश्यापासून सुरू होते, माझं सुईपासून. आत जाऊन करा म्हणता, पण आतमधी तुम्ही जेवसान का?"

रंभाबाईंनी पदराखाली सुई टोचली, थोडं थांबल्या, काढली, डबीत टाकली. ते बघायचं नाही असं ठरवून बघत होते. आमचे डोसे आले. आम्ही खाऊ लागलो. बऱ्याच वेळानं त्यांनी खुर्ची थोडी इकडे सरकवली आणि टेबलाकडे पाहत विचारलं, "लागते का हो फार?"

"तुम्हाले बी सांगितली का डॉक्टरनं?"

"दिवाळीतच. आणून ठेवलं आहे, फ्रिजमध्ये आहे." त्यांनी चमचा पुन्हा ताटात ठेवला. "बायको म्हणते मी भित्रा आहे."

रंभाबाईंनी त्यांना वरून खालपर्यंत पाहिलं. "आहातच," त्या म्हणाल्या. "पण माझी सून तं मोबाइलवर पाहूनच पडली होती. तुम्ही अजून खुर्चीवर आहात, हे चांगलं आहे. घर कुठीसा आहे तुमचं?"

घर जवळच निघालं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रंभाबाई त्यांच्याकडे गेल्या. सोफ्यावर त्यांच्या शेजारी बसून, "धरा चिमूट, हं, आता पहा माझ्याकडे, सुईकडे नाई," असं म्हणत त्यांच्याकडून पहिली सुई टोचवून घेतली. त्यांच्या बायकोनं चहा आणला, बिनसाखरेचा. गृहस्थ कप हातात घेऊन म्हणाले, "बस, एवढंच?"

"एवढंच," रंभाबाई म्हणाल्या. "आता उठा, अन् जेवायले बसा लवकर."